शनिवारची गोळी

आईच्या हृदयाचा ठाव आजवर कुणालाच लागलेला नाही! मनकर्णाबाईंच्या हृदयाचा मात्र चंद्रपूरच्या एका लॅबला नळीभर रक्तात लागला, आणि रिपोर्ट संध्याकाळीच मिळाला.

त्याआधी चामोर्शीजवळच्या त्या घरात महिनाभर अश्रूंना खळ नव्हता. मनकर्णाबाईंना सारखी मळमळ, अन्न जाईना. एका दुपारी सुनेनं, स्वातीनं, वाढलेलं ताट त्यांनी दूर सारलं.

"भातात एवढी हळद काऊन टाकली वं? मले मारून टाकतं का?"

"आई, भात पांढराच आहे जी..."

"म्हंजे मीच लबाड!"

स्वातीचं काळीज विदीर्ण झालं! ज्या सासूची गोळी चुकू नये म्हणून ती सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही गेली नव्हती, तिच्याच तोंडी हे शब्द... आणि गाव तर म्हणायचं, ही सून शनिवार-रविवार सासूची हृदयाची गोळी दडवून ठेवते. ठेवायची, हे खरंच. डॉक्टरांनी ती आठवड्यातून पाचच दिवस सांगितली होती. पण जिथे धानाला सुट्टी नसते, तिथे औषधाला असते हे कोण मानणार?

रक्तातलं औषध मोजायचं म्हणून डॉक्टरांनी एका मंगळवारी सकाळची गोळी न घेता बोलावलं. "आता तं मंगळवारचीबी बंद केली!" हे मनकर्णाबाईंचं एसटीभर ऐकवून झालं.

रिपोर्ट पाहून डॉक्टर गंभीर झाले. "औषध फार वाढलंय. मळमळ, पिवळं दिसणं, सगळं त्यानंच. शनिवार-रविवार बंद ठेवता ना?"

स्वातीच्या पायाखालची जमीन सरकली. गोळ्या तर तीच द्यायची!

"हे कायची देते!" मनकर्णाबाईंनी संधी साधली. "दोन दिवस हात लावू देत नाई. माया पोरगा देते मले, चोरून!"

स्वातीनं नवऱ्याकडे पाहिलं. गुणवंतराव पंख्याकडे पाहू लागले.

"मले वाटलं, रविवार नोकरीवाल्याईचा असते... काळजाले कायची सुट्टी? म्हनून मी दोन-दोन देत होतो जी. भरपाई."

गोळी काही दिवस थांबली. पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा औषध प्रमाणात आलं होतं. घरी ताट पुढे येताच मनकर्णाबाई थबकल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"पोरी... पांढराशुभ्र हाय वं भात! तुले मी काय काय नाई बोलली!"

"आई, तुम्ही जेवा फक्त!"

दोघी गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. गुणवंतरावही रडले, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

जेवण होताच मनकर्णाबाई काठी टेकत सुनेचं निर्दोषत्व सांगायला निघाल्या. दारोदार गेल्या, एकही घर सोडलं नाही.

गावात तोवर शेजारच्या पोचूच्या सुनेचा विषय सुरू झाला होता.