लांब रात्रीनंतरचा ब्रेकफास्ट

भुकेल्याला खाऊ घातलं की त्याच्या अंगात तरतरी येते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मग तुनूला आम्ही पोटभर खाऊ घातल्यावर तो विझायला का लागला?

विझायला म्हणजे खरंच विझायला! तुनू आपल्या पृथ्वीवरचा नाही. उंचीला माझ्या खांद्याएवढा, बोटं लांबसडक आणि दोन्ही गालांवर हिरवट उजेड. त्याला बरं वाटत असलं की तो उजेड वाढतो, नसलं की कमी होतो. त्याचं खरं नाव उच्चारायला दोन घसे लागतात, आणि आमच्याकडे प्रत्येकी एकच असल्यामुळे आम्ही तुनू म्हणतो. त्याचं यान कसं धावतं ते मला विचारू नका. माझ्या आजोबांनाही ते अजून नीट कळलेलं नाही.

मी केतकी परब, इयत्ता सातवी. वेंगुर्ल्याजवळ अंतराळतळ झाल्यापासून आमच्या गावाला पाहुण्यांची सवय आहे, पण दुसऱ्या ग्रहावरचा पाहुणा पहिलाच. माझे आजोबा, डॉ. जयवंत परब, त्याच्या स्वागताच्या शास्त्रज्ञ-मंडळात होते. आयुष्यभर त्यांनी शीतनिद्रा (थंडीत काही प्राणी महिनोन्‌महिने न खाता घेतात ती झोप) या विषयावर काम केलं. आणि शब्दांचं म्हणाल तर वेडच आहे त्यांना. एखादा शब्द हाती लागला की सोलून, बी काढून बघितल्याशिवाय सोडत नाहीत.

तुनू उतरला त्या सकाळी मी आमच्या अंगणात स्वागताची पाटी रंगवत होते. पाटीवर लिहायचं होतं 'वेलकम ब्रेकफास्ट'. स्वागत समितीच्या अध्यक्ष शालूमावशींचा हुकूम! शालूमावशी म्हणजे आमच्या शेजारी. त्यांच्या हातचं खाऊन कुणी सरळ चालत घरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही, लोक डुलतच जातात.

"आजोबा, हे चुकीचं आहे," मी कुरकुरले. "वडे आहेत, उसळ आहे, शिरवाळे आहेत, वर लाडू. याला काय ब्रेकफास्ट म्हणतात? डिनर लिहायला हवं."

"लिही की," चपला घालता घालता आजोबा म्हणाले. "मुळात दोन्ही एकच आहेत."

"काहीतरीच! एक सकाळचा, एक रात्रीचा."

झालं. आजोबांनी चपला काढल्या आणि पायरीवर बसले. त्यांना तळावर जायचं होतं, पण शब्द निघाल्यावर तळ थांबतो.

"ब्रेकफास्टमधल्या ब्रेकचा अर्थ मोडणं आणि फास्टचा अर्थ उपास. रात्री झोपल्यावर आपण काही खात नाही, म्हणजे रोज एक छोटा उपास घडतो. सकाळी तो सुटतो. त्या शब्दात सकाळ कुठेच नाही गो, त्यात फक्त उपास आहे."

"आणि डिनर?"

"त्याची गंमत आणखी मोठी. लॅटिन भाषेत उपास सोडण्याला एक शब्द होता. तो फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजत झिजत डिनर झाला आणि इंग्रजीत आला. म्हणजे डिनर हेही पारणंच! पूर्वी तिकडे दिवसातलं मुख्य जेवण दुपारच्या आसपास व्हायचं, त्याला डिनर म्हणत. पुढे लोकांच्या कामाच्या वेळा बदलल्या, दिवे आले, आणि ते जेवण सरकत सरकत पुष्कळ घरांत संध्याकाळवर गेलं. नाव मात्र तेच राहिलं. आपली न्याहारी तरी काय? फारसी भाषेत नहार म्हणजे उपाशीपोटी असलेला. त्यावरून न्याहारी आली, असं जाणकार सांगतात."

मी ब्रश खाली ठेवला. मला खरंच नवल वाटलं. "म्हणजे इतक्या लांबलांबच्या लोकांनी जेवणाला नाव दिलं ते भुकेवरून?"

"जेवणाच्या आधी काय झालं त्यावरून. काय खाल्लं यापेक्षा किती वेळ खाल्लं नव्हतं, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं असावं. आणि शरीरालाही तेच महत्त्वाचं असतं. रात्री आपलं यकृत ग्लायकोजेन (साठवून ठेवलेली साखर) थोडं थोडं सोडतं, त्यावर आपला मेंदू चालतो. उपास लांबला तर शरीर चरबी वापरायला लागतं. आणखी लांबला तर सगळा कारभारच बदलतं, अगदी काटकसरीनं चालवतं." मग त्यांना घड्याळ दिसलं आणि ते पळालेच.

मी 'ब्रेकफास्ट'च ठेवलं. पाटी छान झाली होती.

शाळेच्या सभागृहात सगळा गाव लोटला होता. तुनूला मधोमध पाटावर बसवलं होतं. त्याच्या गळ्यात भाषांतरयंत्र होतं, एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत करून सांगणारं. आजोबा तिथे नव्हते. ते तळावर त्याच्या यानाची हवा तपासत होते. बाकी सगळी तयारी चोख होती बरं का! तुनूला आपली हवा चालते, आपले जंतू बाधत नाहीत, आपला तांदूळ, गूळ, नारळ पचतो, हे सगळं शास्त्रज्ञांनी आधीच तपासून ठेवलं होतं.

शालूमावशींनी वाढायला घेतलं. तुनूनं एक वडा खाल्ला. गुळाच्या रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) खाल्ले. गालांवरचा उजेड जरा वाढला तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"नको," तुनू म्हणाला. यंत्रानं अगदी स्वच्छ मराठीत सांगितलं, "नको."

सगळे हसले. कसा शिकलाय बघा आपल्या रीती, असं मागून कुणीतरी म्हणालं. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाहुणा नको म्हणाला तर कोण थांबतं? नको म्हणणं पाहुण्याचं काम आणि वाढणं आपलं. पहिल्या नकोला जो थांबला, त्याच्याबद्दल लोक वर्षभर बोलतात.

"लाजतंस कित्याक रे झिला?" शालूमावशींनी लाडू ठेवला. "आमच्याकडे येवन उपाशी रवतलंस?"

"नको," तुनू म्हणाला. आणि ताटात आलं ते खाल्लं, कारण त्यांच्याकडे कुणी दिलेलं परत करत नाहीत. मग दुसरा लाडू आला. मग आणखी रस आला. त्याचं "नको" प्रत्येक वेळी बारीक होत गेलं, आणि हशा मात्र मोठा होत गेला.

मग तो पाटावरून एका बाजूला कलंडला.

गालांवरचा उजेड पार उतरला होता. बोटं थरथरत होती आणि श्वास उथळ झाला होता. शालूमावशींच्या हातातला डाव खाली पडला तो कुणी उचललासुद्धा नाही.

आरोग्य केंद्राचा यंत्रमानव वैदू धावत आला. वैदू गुणाचा आहे. उन्हाचा झटका, विंचू, साप सगळं त्याला कळतं. त्यानं तुनूच्या छातीवर हात ठेवला. "ऊर्जा फार कमी. साखरेचं इंजेक्शन देतो," असं म्हणत त्यानं सुई काढलीही.

आणि मला माझी पाटी दिसली. समोरच्या भिंतीवर, ठळक अक्षरांत. काय खाल्लं यापेक्षा किती वेळ खाल्लं नव्हतं! तुनूचा ग्रह स्वतःभोवती फार फार हळू फिरतो, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मग त्याची रात्र...

"थांब वैदू!" मी ओरडले आणि तुनूच्या समोर आडवी उभी राहिले. "हात लावायचा नाही त्याला!"

"रुग्णाच्या मार्गातून बाजूला हो," वैदू म्हणाला.

"नाही होणार! आधी आजोबांना विचार!"

कुणीतरी फोन लावून स्पीकरवर दिला. मी धापा टाकत विचारलं, "आजोबा, तुनूकडे रात्र केवढी असते?"

"आपल्या सहा महिन्यांच्या आसपास. का गो?"

"आणि रात्रभर ते झोपतात? काही न खाता?"

"झोपतात तर. तो यानात चढला तेव्हा तिथे संध्याकाळ होत होती, आणि आज सकाळी इथे जागा..." आजोबा एवढ्या जोरात ओरडले की फोन माझ्या हातातून पडायचाच राहिला. "त्याला काही खायला घातलंत का? केतकी, काय घातलंत?"

मी सांगितलं. वडा, शिरवाळे, लाडू, रस, पुन्हा लाडू. तिकडून आजोबांचा सुस्कारा ऐकू आला. काय खायला घालायचं ते सगळ्यांनी तपासलं होतं. शेवटचं कधी खाल्लं होतं, हे एकानंही विचारलं नव्हतं.

"वैदू, सुई बाजूला ठेव," ते म्हणाले. "साखर दिलीस तर जीव जाईल त्याचा. रक्तातले क्षार (मिठासारखे विरघळणारे पदार्थ) मोज. आधी ते हळूहळू भरून काढ. मी निघालोच."

वैदूनं मोजले आणि त्याचा आवाज बदलला. "क्षार धोक्याच्या खाली आहेत. डॉक्टर, माझं चुकलं असतं."

आजोबा गाडीतून बोलत होते आणि वैदू बारीक नळीनं क्षारांचं पाणी सोडत होता. मला राहवेना. "पण खाल्ल्यानं क्षार कमी कसे होतील? वाढायला नकोत का?"

"ऐक. लांब उपासात शरीरातले क्षार आधीच कमी होतात. रक्तात कसेबसे टिकून असतात. अशात एकदम गोडधोड आलं की इन्सुलिन (साखरेला पेशींच्या आत जाऊ देणारं रसायन) भराभर सुटतं. साखर पेशींत शिरते, आणि तिच्याबरोबर रक्तातले उरलेसुरले क्षारही आत ओढले जातात. हृदयाला ठोके द्यायला आणि छातीला श्वास घ्यायला हेच क्षार लागतात. रक्तात ते उरले नाहीत की हृदय अडखळतं. माणसांनाही हे होतं. फार दिवस उपाशी राहिलेल्याला कधीही भरल्या ताटावर बसवू नये, त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली थोडं थोडंच द्यावं. तुनूचं शरीर या बाबतीत आपल्यासारखंच दिसतंय."

शालूमावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्याच हातान झाला मा ह्या?" त्या म्हणाल्या. "तो नको म्हणत होतो. सांगत होतो पोर. मी ऐकूकच नाय."

मला त्यांची फार दया आली. ऐकलं तर आम्ही कुणीच नव्हतं, हसत होतो सगळेच. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

आजोबा पोचले तेव्हा तुनूचा श्वास थोडा सुधारला होता, पण गाल काळेच होते. आजोबांनी त्याला तपासलं, वैदूचे आकडे पाहिले आणि शालूमावशींसमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडणार.

"शालू," ते म्हणाले, "तुझे वडील एकादशी सोडायचे तेव्हा तू काय द्यायचीस?"

"पेज," त्या पुटपुटल्या. "आधी पाणी. मग पेजेची निवळ, मीठ घालून. भात नंतर."

"मग तेच कर. क्षार वर आले की चमचाभर निवळ. मग थांबायचं. मी सांगेपर्यंत दुसरा चमचा नाही. जमेल?"

आयुष्यभर दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाईला विचारलेला तो सगळ्यात कठीण प्रश्न होता. त्यांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

ती दुपार मी विसरणार नाही. उकड्या तांदळाची पेज शिजली. वैदूनं "आता चालेल" म्हटल्यावर मावशींनी तुनूचं डोकं मांडीवर घेतलं आणि एक चमचा निवळ त्याच्या तोंडात सोडली. मग त्या थांबल्या. वाटी भरलेली होती, चमचा हातात होता, आणि त्यांची बोटं नुसती वळवळत होती. तरी त्या थांबल्या. पुढचा चमचा आजोबांनी सांगितल्यावरच दिला. बाहेर ऊन कलायला लागलं तेव्हा तुनूच्या डाव्या गालावर मुगाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला.

"उजेड!" मी किंचाळले. मावशी रडायलाच लागल्या. वैदूनं मोजमाप घेऊन सांगितलं की धोका टळला आहे, आणि सभागृहाबाहेर थांबलेल्या अख्ख्या गावानं एकच गलका केला.

पुढचे काही दिवस तुनू शालूमावशींच्याच घरी राहिला. पेज घट्ट होत गेली, मग मऊ भात आला, मग घावणे. एकदा मी त्याला विचारलं की तुमच्याकडे लांब रात्र संपली की काय करतात? तो म्हणाला, सगळ्यात म्हातारं माणूस प्रत्येकाच्या जिभेवर एक थेंब ठेवतं. मग सगळे मिळून उगवता सूर्य बघत बसतात. दुसरा थेंब सूर्य जरा वर आल्यावर मिळतो.

"त्याला काय म्हणता तुम्ही?" आजोबांनी लगेच विचारलं. शब्द दिसला की यांचं झालं!

तुनूनं दोन्ही घशांनी एक शब्द उच्चारला. यंत्र थोडं अडखळलं आणि म्हणालं, "रात्र सोडणं."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. इंग्लंड, फ्रान्स, आपलं कोकण, आणि आता हा कुठला कोण ग्रह! मी आनंदानं उडीच मारली.

तो जायचा त्या सकाळी मावशींनी घावणे केले होते. तुनूनं दोन खाल्ले. गाल असे उजळले होते की भिंतीवर हिरवा प्रकाश पडला होता. मावशींनी सवयीनं तिसरा घावणा उचलला आणि त्याच्या ताटावर धरला.

"नको," तुनू म्हणाला.

मावशींचा हात हवेतच थांबला. त्यांनी तो घावणा परत टोपलीत ठेवला, वर फडकं झाकलं आणि विचारलं, "पॉट भरला?"

"भरलं," तुनू म्हणाला.

मावशींनी त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग पदराआडून एक इवलासा डबा काढून त्याच्या लांब बोटांत दिला. त्यात भाजलेल्या तांदळाची कणी होती, पेजेपुरती. "हा आत्ता नाय हां खावचा," त्या म्हणाल्या. "घराक पोचलंस, झोपून उठलंस, सूर्य वर इलो, की मग. एकच चमचो."

यान दिसेनासं झाल्यावर आजोबांनी हिशेब करून सांगितलं की त्याच्याकडे पुढची पहाट उजाडेल तेव्हा मी आठवीत असेन. त्या दिवशी मी सकाळी आधी पेजच पिणार आहे. शालूमावशींनाही बोलावलंय. त्या म्हणाल्या, येईन, पण वाढायचं तू.