चारशेबारा नंबरचा बिल्ड

सोमवारी सकाळी सव्वादहाला बारा यंत्रं एकापाठोपाठ एक मेली. प्रेत एकाचंही सापडलं नाही, कारण ती मुळात खरी यंत्रं नव्हतीच. चाचणीच्या खोलीतल्या एका मोठ्या यंत्राच्या पोटात ती बाराही भाडेकरूंसारखी राहत होती, आणि आपलं घर स्वतंत्र आहे असा प्रत्येकाचा गोड गैरसमज होता.

त्यांना मेमरीच्या खोल्या वाटून देणारा घरमालक म्हणजे हायपरवायझर. कुणाची खोली कुठे सुरू होते आणि कुठवर जाते, हे ज्या हेडर फाईलमध्ये लिहिलेलं असतं, ती फाईल म्हणजे घराचा नकाशा. कर्नल म्हणजे यंत्राचा मूळ कारभार चालवणारं सॉफ्टवेअर; त्याची प्रत्येक फाईल आधी नकाशा वाचते, मग कामाला लागते. आज भाडेकरू एकमेकांच्या खोल्यांत घुसले आणि हाणामारीत सगळेच गेले.

साडेदहाला आरोपीही ठरला. नवी मुलगी.

"नवी मुलगी" अडतीस वर्षांची होती. सात वर्षं जुळ्यांना वाढवून ती पुन्हा कामाला लागली होती. त्याआधी नऊ ठिकाणी "मधली वर्षं कुठे गेली?" असं विचारून तिला चहा पाजून परत पाठवलं होतं. इथे तीन आठवडे खपून तिने नकाशाच्या चार हजार ओळींच्या जुन्या फाईलचे तीन सुटसुटीत भाग केले. नुसती मांडामांड. एक आकडाही बदलायचा नव्हता. शुक्रवारी काम जमा केलं, यंत्राने सगळ्या फाईली जोडून त्याचा बिल्ड बांधला, आणि सोमवारी बारा बळी. आज चार वाजता तिच्या प्रोबेशनचा निकाल होता, आणि "सेवेची गरज नाही" असं पत्र साहेबांच्या टेबलावर तयार होतं.

ऑफिसात तिला वहिनी म्हणणारी एकच व्यक्ती होती. कर्नलची माहितीपुस्तकं लिहिणारी तिची सख्खी नणंद. प्रत्येक वाक्याखाली तळटीप टाकायची तिला सवय, म्हणून सगळे तिला तळटीपच म्हणायचे.

ती थेट साहेबांच्या खोलीत शिरली.

"साहेब, मला चारपर्यंत वेळ द्या."

साहेबांनी चंदेरी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. कर्नल विभागातला, विभागाचं कर्नल न चालणारा हा एकमेव लॅपटॉप. तो स्लाईड दाखवायचा आणि मेल उघडायचा.

"भावजयीला वाचवायला नणंद? कोण विश्वास ठेवेल?"

"म्हणून तर ठेवतील. एवढं खोटं कुणाला सुचणार नाही."

"हे बघ, शुक्रवारी बिल्ड पहिल्या फटक्यात हिरवा झाला. यंत्रणा ठणठणीत आहे. बिघाड तिच्या कामात आहे." त्यांनी घड्याळ बघितलं. "चार म्हणजे चार."

वहिनी पाण्याच्या मशीनशेजारी रिकामा पेला धरून उभी होती.

"वहिनी, जुनी फाईल तू काढून टाकलीस?"

"मुळासकट."

"तिचं नाव घेणाऱ्या फाईली?"

"सत्तेचाळीस. प्रत्येकीत नवं नाव घातलं. हाताने मोजल्यात गं."

"तुझ्या यंत्रावर सगळं चाललं?"

"दणदणीत. म्हणूनच तर डोकं फिरायची वेळ आलीय."

तळटीप जागेवर बसली. माहितीपुस्तकात आज तिला एकच वाक्य घालायचं होतं: 'जुनी नकाशा-फाईल आता अस्तित्वात नाही.' तपासल्याशिवाय वाक्य लिहायचं नाही हा तिचा नेम. तिने सगळ्या कर्नलमध्ये जुन्या फाईलचं नाव शोधलं.

एक जागा निघाली. डिस्क चालवणारा एक जुना प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अजूनही नवी सोडून जुनीच फाईल मागत होता. अठ्ठेचाळिसावा.

वहिनीचा चेहरा उतरला. "माझ्या यंत्राला ती डिस्कच नाही. हा ड्रायव्हर माझ्याकडे कधी बांधलाच गेला नाही." मग हळूच, "म्हणजे माझीच चूक."

"चूक तुझीच. पण खून तुझा नाही."

"म्हणजे?"

"फाईल अस्तित्वात नाही. एकजण तिला हाक मारतोय. मग काय व्हायला हवं?"

"बिल्ड तिथेच थांबायला हवा. लाल."

"आणि झाला हिरवा. मेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली, वहिनी. ती कुठून दिली ते बघू."

बिल्डच्या यंत्राचा राखणदार सगळ्यांसाठी पहारेकरी होता. शुक्रवारी संध्याकाळी त्याची दाढ काढली होती. गाल एवढा सुजला होता की त्याला फक्त छोटी उत्तरं परवडत होती.

"शुक्रवारी किती वाजता गेलास?"

"साडेचार."

"वहिनीचं काम कधी जमा झालं?"

"पाच."

"तुझ्या यंत्रात शिरता कुणाकुणाला येतं?"

त्याने तीन बोटं दाखवली. एक स्वतःकडे, एक विभागातल्या सगळ्यात जुन्या काकांच्या टेबलाकडे, एक साहेबांच्या काचेकडे.

फळ्यावर बिल्डची यादी झळकत होती. तळटीपने ती खालून वर वाचली. चारशेदहा, चारशेअकरा, चारशेतेरा.

"चारशेबारा कुठाय?"

पहारेकऱ्याने गालावरचा बर्फ बाजूला ठेवला. यंत्र आकडा कधी गाळत नाही. गाळतो तो माणूस. पाच मिनिटं त्याची बोटं धावली आणि मग त्याने पडदा तिच्याकडे वळवला. बिल्ड जिथून फाईली उचलतो, त्या सामायिक फोल्डरच्या एका कोपऱ्यात जुनी नकाशा-फाईल निवांत पडली होती. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठेवलेली.

फाईलच्या माथ्यावर काकांचं नाव होतं.

काका म्हणजे ज्यांनी बारा वर्षांपूर्वी ती फाईल लिहिली ते. ती तोडायचं ठरलं तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"काका, ही तुम्ही ठेवलीत?"

"मी? माझ्याच मुलीचं भूत करून ठेवू?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "दाखव."

ते वाचत गेले. तिसऱ्या पानावर थांबले.

"ही आजची नाहीच. खोलीत लिहायची परवानगी कुणाला, हा चौथा रकाना मी सहा महिन्यांपूर्वी वाढवला. यात तीनच आहेत. ही दोन वर्षांपूर्वीची आहे."

"तेव्हा कुणाला दिली होती?"

"तपासायला मेलने पाठवली होती. दोघा-तिघांना. कुणाकुणाला ते आता कसं आठवणार?"

"आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हे काय आहे?"

काकांनी डोळे बारीक केले. "जास्तीचं चिन्ह. एरवी दिसत नाही. आपल्या यंत्रांवर असं होत नाही गं. दुसऱ्याच जातीच्या मशीनवर फाईल उघडून साठवली की ही शेपटं लागतात."

तळटीपने घड्याळ बघितलं. पावणेचार.

चार वाजता साहेबांच्या खोलीत पाचजण होते आणि खुर्च्या तीन. पहारेकरी दाराला टेकून उभा राहिला. साहेबांनी पत्र पुढे सरकवलं. वहिनीने हात लावला नाही.

"आधी माझं ऐका," तळटीप म्हणाली. "एका घराचे दोन नकाशे आहेत. नव्यात प्रत्येक खोलीचे चार रकाने, जुन्यात तीन. सत्तेचाळीस जणांनी नवा वाचला, ड्रायव्हरने जुना. त्याने चौथ्या रकान्यातली परवानगी पुढच्या खोलीचा पत्ता समजून वाचली. तिथून जो तो भलत्याच खोलीत. बारा यंत्रं अशी गेली."

"तेच तर मी म्हणतोय. ड्रायव्हर हीच विसरली," साहेब म्हणाले.

"विसरली. म्हणून शुक्रवारी बिल्ड लाल झाला. चारशेबारा. 'फाईल सापडत नाही,' एवढंच म्हणाला. वहिनी सोमवारी ते वाचून दोन मिनिटांत दुरुस्त करणार होती. पण कुणीतरी फाईल आणून दिली, बिल्ड पुन्हा चालवला आणि लाल नोंद पुसली. हे करू शकणारे तिघं. पहारेकरी दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं. काकांनी दिली असती तर आजची दिली असती, आणि आजची दिली असती तर काहीच बिघडलं नसतं. उरलेल्या माणसाकडे फक्त जुन्या मेलमधली प्रत होती, आणि ती त्याने अशा मशीनवर उघडली जिथे ओळींना शेपटं लागतात."

सगळ्यांनी चंदेरी लॅपटॉपकडे बघितलं. साहेबांनी तो मिटला, जणू तोच कबुली देऊन मोकळा होईल.

"उद्या वरच्यांना फळा दाखवायचा होता," ते शेवटी म्हणाले. "लाल दिसला. एक फाईल मागतोय, देऊन टाकू म्हटलं. यंत्रं मरतील असं मला काय माहीत?"

"शुक्रवारी नव्हतं माहीत. आज कधी कळलं?"

साहेबांनी पत्राची कड टेबलाच्या कडेला जुळवली.

"यंत्रं सव्वादहाला गेली. पत्र कितीला टाईप केलंत?"

"पावणेअकरा."

"आणि मधल्या अर्ध्या तासात?"

"बघून आलो," साहेब टेबलाशी बोलल्यासारखे म्हणाले. "फाईल तिथेच होती."



पहारेकऱ्याने कुणाला न विचारता खिशातल्या फोनवरून यंत्रात शिरून ती प्रत उडवली आणि नवा बिल्ड लावला. काचेपलीकडच्या फळ्यावर चारशेचौदा लालभडक उमटला. फाईल सापडत नाही. काकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण त्यांनी खिशात हात घातले.

"घटनेचा अहवाल मी वर पाठवतो," काका म्हणाले.

"त्यात माझी चूकही लिहा," वहिनी पहिल्यांदाच बोलली. "अठ्ठेचाळिसावा ड्रायव्हर माझ्याकडून राहिला."

"तुझं कशाला आता?" साहेब म्हणाले. आवाजात मोठेपणा आणायचा प्रयत्न होता.

"कारण ती माझी आहे. लाल दिसणं माझ्या हक्काचं होतं, साहेब. तुम्ही माझा लाल चोरलात आणि वर मलाच चोर ठरवलंत. नऊ ठिकाणी मला नको म्हणाले, पण खोटं कुणी बोललं नव्हतं."

साहेबांनी पत्र उचललं, दोनदा घडी घातली आणि फाडलं. लॅपटॉप पुन्हा उघडला. दुसरं पत्र टाईप करायला त्यांना अकरा मिनिटं लागली. 'कायम' हा शब्द त्यांनी तीनदा तपासला. सही केली आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले.

वहिनीने पत्र पर्समध्ये ठेवलं आणि जागेवर जाऊन एक ओळ बदलली. साडेचारला बारा यंत्रं पुन्हा आपापल्या खोल्यांत राहायला आली. सकाळी काय झालं ते एकालाही आठवत नव्हतं.

काका तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिच्या पडद्यावर दुसरी हेडर फाईल उघडी होती.

"ही कुणाची, काका? साडेपाच हजार ओळी आहेत."

काका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"माझीच," ते म्हणाले. "हळू काप."