घोंगडं कुणाचं?

जेवणं उरकली. अनगोळच्या आण्णाप्पांनी कंदिलाची वात बारीक केली आणि सोप्यात बसलेल्या पुतण्यांना विचारलं, "भ्यायचं न्हाय न्हवं?" शालू आधीच थोरल्या बहिणीला चिकटली होती. "मग ऐका. ऐकीव न्हाय हे. भावकू माझा सख्खा मेहुणा."

सन छत्तीस, पौषातली अमावस्या. निपाणीकडचा भावकू साक्षीसाठी बेळगावला निघाला होता. तंबाखूच्या रानात खून झालेला. पळणारा गडी त्यानं अंधारात पाठमोरा पाहिला होता. अंगावरचं घोंगडं परशरामचं, आणि खटला त्याच्यावरच. कोर्टात एवढंच सांगायचं होतं.

अशीच साक्ष त्यानं पूर्वीही एकदा दिली होती. तेव्हा तम्मण्णा फासावर गेला. त्याचं लाल गोंड्याचं घोंगडं बायाक्कानं, त्याच्या बायकोनं, चितेवर त्याच्या अंगावरच पांघरलं. मागाहून लोक कुजबुजले, खुनी दुसराच होता. रानातल्या राखणीच्या खोपीत ज्याला थंडी वाजेल, तो हाताला येईल ते घोंगडं घेऊन बाहेर पडतो. भावकूला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण वकिलानं विचारलं, घोंगडं कुणाचं? त्यानं सांगितलं, तम्मण्णाचं. खोटं काय बोलला तो?

बेळगावच्या अलीकडं, काकतीजवळ, रात्रीच मोटार बंद पडली. भावकू आण्णाप्पांच्या घराकडं पायीच निघाला. वाटेत एक गडी सोबत चालू लागला. कधी आला, कळलंच नाही. मान एका खांद्यावर कललेली.

"थंडी लई हाय, अण्णा. घोंगडं दे की घटकाभर."

भावकूनं स्वतः रानात राखण केलेली; थंडी वाजणाऱ्याला त्याला नाही म्हणवेना. त्यानं दिलं, पण नजर काढली नाही. घेऊन पळाला तर? कुठला असंल हा? आणि ह्याचं पायताण वाजत कसं नाही?

समोरून कंदील टांगलेली बैलगाडी आली. गाडीवर भावकूच्याच गावचा मारुतीराव. त्या गड्याकडं बघून तो हसला.

"काय रं भावकू, साक्षीला व्हय? मान अवघडली वाटतं मोटारीत!" मग खऱ्या भावकूकडं नुसती हनुवटीनं खूण केली. "अन् ह्ये पाव्हणं कोण?"

भावकूनं तोंड उघडलं. तोवर गाडी निघून गेली.

"बघितलंस?" गडी म्हणाला. "आता ह्या घोंगड्यात मी कुणाचा गळा दाबला, तर फासावर कोण?"

भावकूनं मागं पाऊल टाकलं. गडी तेवढाच पुढं सरकला.

"माझं तोंड बघितलंवतंस?" गडी अजून जवळ आला.

"त्या राती. बघितलंवतंस?"

वारा पडला. रातकिडे थांबले. भावकूनं डोळे मिटले... उघडले.

रस्ता मोकळा. घोंगडं धुळीत.

सकाळी कोर्टात वकिलानं विचारलं, "घोंगडं कुणाचं?"

"परशरामचं." भावकू थांबला. मग कुणी न विचारता बोलला, "पर सायेब, आत कोण हुतं, ते म्या न्हाय बघितलं."

परशराम सुटला.

"मनाचे खेळ असतील, आप्पा," शालू हळूच म्हणाली. "मारुतीरावांना विचारलं का कुणी?"

"मीच इचारलं. म्हणला, भावकू भेटला की! संगट कोण पाव्हणा हुता. बोलला न्हाय."

शालूनं पाय आत ओढले. आण्णाप्पांनी वात आणखी बारीक केली.

"कोर्टातनं आल्यावर भावकूनं घोंगडं झटकलं. हितंच, ह्याच सोप्यात. बिनगोंड्याचं घोंगडं, अन् त्याच्या कोपऱ्याला लाल गोंडा. निम्मा जळलेला. म्या हात लावला..."

"मग?"

"गरम हुता गं."