एकतिसावा कागद

दुपारी एक वाजला की दोघी बहिणी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायच्या, डबा खायच्या, आणि मग थोरली पडद्याआड जाऊन वरचे कपडे उतरवून उभी राहायची. धाकटी शिशाची वाकणारी पट्टी घेऊन तिच्यामागोमाग जायची. त्यात चोरून करण्यासारखं काही नव्हतं. सर्जननं सांगितलेलं काम होतं आणि दोघी ते औषधाच्या गोळीसारखं वेळेवर उरकायच्या.

थोरलीला सगळी गल्ली ताई म्हणायची आणि धाकटीला बिट्टी. ताई कापड बेतायची, बिट्टी शिवायची. सहाव्या वर्षी आलेल्या तापात बिट्टीचे दोन्ही कान गेले होते, पण ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रस्त्यापलीकडे उभं राहून कोण कुणाची चहाडी करतंय ते ती काचेतून वाचायची आणि ताईला सांगायची, मग दोघी पोट धरून हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी ताईनं छातीचा आकार वाढवायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या हौसेनं. "जन्मभर लोकांच्या अंगाला बसेल असं कापड कापलं," ती म्हणाली होती, "आता एकदा कापडाला बसेल असं अंग करून घेते." आणि खरंच, पुढचं दीड वर्ष ती आरशासमोरून गेली की जरा रेंगाळायची. बिट्टीला ते बघायला फार आवडायचं.

मग उजवी बाजू बिघडली. आधी नुसती टणक झाली. नंतर वरच्या उतारावर एक खळगा पडला आणि खालच्या अंगाला दोन बारीक वळ्या उमटल्या. कपड्यांखाली कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण ताईची नजर बेतणारीची. तिला सुताएवढा फरक खुपायचा.

सर्जननं बोटांनी चाचपलं आणि समजावून सांगितलं, "आत ठेवलेल्या पिशवीभोवती शरीर स्वतःचा एक पडदा विणतं. तो सगळ्यांचाच होतो. तुमचा उजवीकडचा आवळलाय, म्हणून चुण्या पडल्या. बहुतेक पुन्हा ऑपरेशन करून तो काढावा लागेल, पिशवीही बदलू. पण आकार अजून बदलतोय की थांबलाय, ते मला आधी बघायचंय. महिनाभर रोज फोटो काढा."

"फोटोत उजेड खोटं बोलतो," ताई म्हणाली. "मी मापच आणून देते."

म्हणून ही पट्टी. बाहीच्या वळणाचा साचा घ्यायला दोघी ती वापरायच्या. गळ्याखालच्या हाडापासून छातीच्या खालच्या घडीपर्यंत पट्टी हलकेच दाबायची, श्वास सोडायला सांगायचं, ती तशीच उचलून खाकी कागदावर आडवी ठेवायची आणि कडेनं पेन्सिल फिरवायची. वर तारीख. रोज तीच वेळ, जमिनीवर खडूनं काढलेली तीच पावलं.

नवव्या की दहाव्या दिवशी बिट्टीनं कागद भिंतीला उभा लावला आणि ती जरा मागं सरली. वरचा फुगवटा, खाली खळगा, मग एक छोटा उंचवटा, त्याखाली दोन वळ्या आणि शेवटी गोल वळण. कपाळ, डोळ्याची खाच, नाक, ओठ, हनुवटी. एका बाईचा चेहरा, बाजूनं बघितलेला.

"ताई, ही बघ कोण आलीय."

ताईनं बघितलं आणि तिला हसू फुटलं. "अगंबाई! नाक चांगलंय की माझ्यापेक्षा." मग दोघींनी घरातल्या एकेकीला आठवून त्या नाकाशी ताडून बघितलं. आई नाही, आत्या नाही, दोन्ही माम्या नाहीत. ओळखीतलं कुणीच नव्हतं.

ढगात घोडा दिसतो, तसलं काहीतरी असेल म्हणून बिट्टीनं सोडून दिलं असतं. पण चेहरा रोज स्पष्ट होत गेला. सतराव्या दिवशी त्या दोन वळ्यांमध्ये फट पडली. अठराव्या दिवशी वळ्या पुढं आल्या, शीळ घालताना येतात तशा. आणि मग रोज काहीतरी निराळं. ताईनं सगळे कागद एकावर एक ठेवून एका कडेला चाप लावला, आणि अंगठ्यानं कडा भर्रकन सोडत बिट्टीला दाखवलं.

कागदावरची बाई बोलत होती.

बिट्टीला भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या वर चढून बसलं ते कुतूहल. कुणी ओठ हलवले आणि आपल्याला कळलं नाही, हे तिला आयुष्यात कधी सोसलं नव्हतं. दोन दिवस ती त्या गठ्ठ्याला चिकटून बसली. बाजूनं ओठ वाचणं सोपं नसतं. त, क, ल ओठांवर दिसतच नाहीत, ते अंदाजानं भरावे लागतात. ती स्वतःचे ओठ तसे करून बघायची, आरशात तिरकी उभी राहायची, पुन्हा कागद सोडायची.

तिला वाट सापडली ती भलत्याच ठिकाणी. ताईला जेवणानंतर बेतायच्या टेबलावर अर्धा तास लवंडायची सवय होती. त्या दिवशी ती उजव्या कुशीवर झोपली होती, तोंड घट्ट मिटलेलं. खिडकीतून ऊन येत होतं, इस्त्री केलेल्या कापडाचा गरम वास दरवळत होता. बिट्टीनं कात्री घ्यायला टेबलावर हात टेकला आणि हात तिथंच राहिला.

टेबल थरथरत होतं.

मशीन बंद होतं. रस्त्यावर गाडी नव्हती. ही थरथर बिट्टीच्या ओळखीची होती. टेबलाला रेलून कुणी बोलायला लागलं की लाकूड असंच गुणगुणतं. तिनं दुसरा तळवाही टेकवला. तुटक, ठाशीव ठोके येत होते... एक... मग दोन... मग एक... मग एक. मग सगळं शांत. पुन्हा तेच. आणि ताईचे ओठ मिटलेलेच.

बिट्टीनं ते ठोके मनाशी धरून कागद सोडले, आणि शब्द आपोआप जागेवर बसले.

तू... झोपलीस... की... मी...

पुढं काही नव्हतं. तीस कागद तिथंच संपत होते.

ताई जागी झाल्यावर बिट्टीनं तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ही घाबरेल. ताईचे डोळे मात्र चमकले. "मी काय? मी गाते? मी रडते? अगं, पुढचं वाच ना!"

"पुढचं अजून आलंच नाही."

"मग येऊ दे की. ऑपरेशन आठ दिवस पुढं ढकलू."

पण आता दुखायला लागलं होतं. ताईला उजवा हात वर नेऊन फळीवरचा तागा काढता येत नव्हता. त्याच संध्याकाळी सर्जननं कागद पाहिले, चेहऱ्याबिहऱ्याचं काही त्यांच्या लक्षात आलं नाही. "आकार झपाट्यानं बदलतोय," ते म्हणाले. "थांबण्यात अर्थ नाही. परवा करून टाकू."

"भूल न देता नाही का होणार?" बिट्टीनं विचारलं.

"आख्खा पडदा सोडवून काढायचाय. दोन तास तरी झोपवावंच लागेल."

घरी येताना ताई एकच पालुपद लावून होती, आठ दिवस फक्त, आठच दिवस. बिट्टी चिडली. "त्या चुण्यांची करमणूक चाललीय आणि तू वेदना सोसतेयस. काढून टाक ते. मला माझी ताई धडधाकट हवी." तिचा हट्ट ताईनं कधी मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही. पुढं बिट्टीला हेच रात्रंदिवस खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी बिट्टीनं रागानं पट्टीला हातच लावला नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, ताई हॉस्पिटलचा अंगरखा घालत असताना, बिट्टीनं सवयीनं शेवटचा कागद काढला. एकतिसावा. ओठ गोल होऊन पुढं आले होते. एखादा शब्द 'उ'नं सुरू व्हावा तसे.

दोन तासांचे तीन झाले. मग नर्सनं बिट्टीला आत घेतलं. पडदे लावलेली स्वच्छ खोली, स्पिरिटचा वास, आणि खाटेवर ताई. डोळे मिटलेले, रंग उतरलेला. बिट्टीनं तिचा हात हातात घेतला आणि चेहऱ्याकडे बघत बसली. कितीतरी वेळानं ओठ हलले. डोळे उघडायच्या आधी हलले. गोल झाले, सुटले, ताणले गेले.

उठते.

आणि मग डोळे उघडले. ताईनं छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, स्वतःची बोटं वर धरून एकेक हलवून बघितली. शेवटी बिट्टीकडे वळून ती गोड हसली आणि म्हणाली, "पाणी दे गं."

सर्जन खुशीत होते. "आत काही भानगड नव्हती. पडदा जाड झालेला, इतकंच. नवी पिशवी छान बसलीय." टाके निघाले, सूज उतरली. उजवी बाजू अशी नितळ झाली की बोट ठेवायला जागा नाही. ताई कामाला लागली. तिची कात्री पूर्वीसारखीच सरळ चालायची, गिऱ्हाइकांशी तशीच थट्टा चालायची. एकच गोष्ट बदलली. ती दुपारची लवंडेनाशी झाली. रात्री बिट्टी पाणी प्यायला उठली तर ताई खुर्चीत ताठ बसलेली असायची.

"झोप येतच नाही गं," ती म्हणायची. "पण थकवाही नाही. उलट बरं वाटतंय."

बिट्टीनं स्वतःला समजावलं की भुलेनं असं होत असेल. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. ताईनं पुडी हातात घेतली, धन्यवाद म्हटलं, आणि बिट्टीनं ती दुसऱ्या दिवशी केरात बघितली.

तीन महिन्यांनी सर्जननं पुन्हा मापं मागितली. ताईनं बरीच टाळाटाळ केली, पण शेवटी खडूच्या पावलांवर येऊन उभी राहिली. बिट्टीनं पट्टी दाबली, उचलली, पेन्सिल फिरवली. सरळ, सुरेख रेघ. फक्त मधोमध एक अगदी पुसटशी खाच होती. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली उंचवटा आला. आठवड्यानं बिट्टीनं कागद भिंतीला लावला आणि ती अगदी जवळ सरकली.

नाक बसकं होतं. हनुवटी जराशी पुढं आलेली, खालचा ओठ वरच्यापेक्षा जाड. या चेहऱ्याला कुणाशी ताडून बघायची गरजच नव्हती. तिनं उभ्या जन्मात इतर कुठल्याही चेहऱ्याकडे एवढं बघितलं नव्हतं. कान गेल्यावर ताईच्या याच ओठांवरून ती पुन्हा बोलायला शिकली होती.

पुढचे चार दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही, नुसते कागद काढले. ओठ मिटलेले. ओठ फाकलेले. पुन्हा फाकलेले, जरा जास्त. चौथ्या दिवशी तिनं पडद्याआड ताईकडे पाठ फिरवून चारही कागद अंगठ्यानं सोडले. अंदाज बांधावा लागला नाही. हा शब्द त्या ओठांवरून तिनं हजारदा वाचला होता.

बिट्टे.

तिनं कागद छातीशी धरले. आताच्या आता सर्जनकडे जायचं, पाया पडायचं, पुन्हा ऑपरेशन करा म्हणायचं, पुन्हा हिला झोपवा म्हणायचं... एवढंच तिच्या डोक्यात होतं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. ताई कपडे घालून, गुंड्या लावून, पुढ्यात येऊन उभी राहिली. बिट्टीला नीट दिसावं म्हणून तिनं तोंड उजेडाकडे केलं. नेहमी करायची तसंच.

"एवढं मन लावून वाचू नकोस बाई," ती मायेनं म्हणाली. "तिला बोलायची सवय लागेल."

मग तिनं ते कागद अलगद काढून घेतले आणि शटर वर करायला गेली.