मनकवड्याची बरणी

सोलापुरात त्या काळी ज्या घरी दह्याचं विरजण असे, त्या घरी बहुधा मनकवड्याची बरणीही असे. ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या शेजारी. घरी पिण्यापुरती बिअर बनवायला परवाना लागायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि नोकरीतून मोकळी झालेली माणसं पूर्वी जशी बागकामाला लागत तशी आता बिअरला लागत. या हौशी मंडळींचं दुखणं मात्र सगळीकडे एकच असे. इतक्या निगुतीनं बनवलेली बिअर बायको तोंडाला लावत नसे. बायको बनवणारी असली तर नवरा लावत नसे.

ऋचा शेटे तर वासानंच दूर सरकायची. तिचा नवरा तन्मय चादरींच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. तिथं त्यानं आयुष्यभर माग दुरुस्त केले आणि आता घराच्या मागच्या गॅलरीत तो मालदांडी ज्वारीला मोड आणून बिअर बनवत असे. त्याचा जीव हॉप्सवर. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं. बिअरला तिचा कडवटपणा त्यांच्यामुळे येतो. आणि ऋचाला कडू म्हणून सोसायचं नाही. कारलं, मेथी, जरा जास्त परतलेला लसूण, काहीच नाही.

"एक घोट घे ना. या वेळी हॉप्स निम्मे टाकलेत," तो म्हणायचा.

"मागच्या वेळीही निम्मेच टाकले होतेस."

"त्याच्या निम्मे."

ती जिभेचं टोक बुडवायची, तोंड वाकडं करायची आणि पाण्याचा तांब्या शोधायची. तो हसून ग्लास उचलून परत गॅलरीत जायचा. ती हॉलमध्ये मालिका बघायची. मुलगी इरा लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून त्यांच्या संध्याकाळी अशाच चालल्या होत्या. भांडण म्हणावं तर नव्हतंच. दोन खोल्यांमध्ये दोन दिवे, एवढंच.

ऋचाला स्वतःच्या जिभेचा अभिमान होता आणि तो रास्त होता. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीला अक्कलकोटपासून बार्शीपर्यंत मागणी होती. शेंगदाण्याला बुरशी लागली की तो कडवट होतो, आणि ती बुरशी पोटात गेली तर यकृताची वाट लावते. तपासणीची यंत्रं मोठ्या कारखान्यांना परवडत. ऋचा पोतं उघडून चार दाणे चावायची आणि "हे परत पाठवा" म्हणायची. तिच्या सांगण्यावर व्यापारी वाद घालत नसत.

एक दिवस तन्मयनं मनकवड्याची बरणी आणली.

बिअरला फसफसवतं ते यीस्ट, डोळ्यांना न दिसणारा एक जीव. साखर खातो आणि तिची दारू करतो. हे करताना तो शेकडो बारीकसारीक द्रव्यं सोडतो, आणि चव बरीचशी त्यांच्यात असते. मनकवड्याच्या बरणीत मधाच्या पोळ्यासारखे छोटे छोटे कप्पे होते. प्रत्येकात जरा वेगळ्या वाणाचं यीस्ट. पिणाऱ्यानं कानामागे एक रुचिपट्टी चिकटवायची आणि कप्प्याकप्प्यातला थेंब चाखायचा. लाळ, नाडी, कातडीची ऊब यांवरून पट्टी आवड मोजायची; माणूस भिडेखातर 'छान आहे' म्हणाला तरी पट्टी फसत नसे. ज्या कप्प्याला पट्टी उजळली त्यातलं यीस्ट बरणी वाढवायची, बाकीचं मारायची. उरलेल्यांतून पुढची पिढी, पुन्हा चाखणं, पुन्हा निवड. मन ओळखत ओळखत जाणारं, म्हणून त्याचं नाव मनकवडं.

पहिले काही आठवडे ऋचानं ते निव्वळ नवऱ्याचं मन राखण्यासाठी केलं. मग हळूहळू कडवटपणा मवाळ झाला. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी तिनं थेंब चाखला आणि म्हणाली, "हे जरा जास्त दे."

तन्मयनं ग्लास काठोकाठ भरला. ती अर्धा ग्लास प्यायली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला. "अरे, तू पण घे की," ती म्हणाली. "मी काय एकटीनं पिऊ?"

त्यानंतरचं वर्ष ऋचाच्या आयुष्यातलं फार गोड वर्ष होतं. गॅलरीत दुसरी खुर्ची आली. ती त्याच्या मागांच्या गोष्टी ऐकू लागली, ज्या तिनं पूर्वी शंभर वेळा अर्ध्यावर तोडल्या होत्या. तो तिच्या व्यापाऱ्यांच्या नकला ऐकून डोळ्यांत पाणी येईतो हसायचा. एकदा त्यानं विनाकारण तिचा हात हातात घेतला आणि ती लाजली. या वयात आपण लाजलो याचंच तिला हसू आलं. इरा दिवाळीला आली तेव्हा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, तुम्हा दोघांना झालंय तरी काय?"

मग अक्कलकोटच्या दुकानदाराचा फोन आला.

"वहिनी, रागावू नका. या वेळची चटणी कडू आहे. एका घरी पोरांना उलट्या झाल्या."

"कडू? अहो, प्रत्येक पोतं मी स्वतः चाखलंय."

"म्हणून तर तुम्हाला फोन केला."

ऋचानं डबा उघडून चिमूटभर चटणी तोंडात टाकली. मीठ कळलं, तिखट कळलं, लसूण कळला. तिनं तन्मयला दिली. त्यालाही काही लागलं नाही. मग तिनं शेजारच्या हिरेमठ वहिनींना बोलावलं. त्यांनी घास घेतला आणि धावत जाऊन मोरीत थुंकला. ऋचानं फ्रिजमधलं कारलं काढलं, कच्चंच चावलं. काकडी चावावी तसं.

त्या आठवड्यात तिनं सगळा माल परत मागवला आणि खड्डा करून पुरला. पोरं बरी झाली, एवढं नशीब. बरणी आणि उरलेली बिअर घेऊन ती पुण्याला डॉ. नाझनीन मुजावर यांच्या प्रयोगशाळेत गेली. मनकवडं यीस्ट मूळ त्यांनीच घडवलेलं. मध्यमवयीन, बारीक अंगाच्या बाई. त्यांनी ऋचाच्या जिभेवरून कापसाचा बोळा फिरवला, दोन दिवस थांबायला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं चहा करून तिच्यासमोर ठेवला.

"ऋचाताई, तुमच्याकडे शेतकरी ज्वारीचं बियाणं कसं निवडतात?"

"चांगली कणसं बाजूला ठेवतात. त्यांचं बी पुढच्या वर्षी पेरतात."

"समजा तुम्ही शेतात गेलाच नाहीत. घरी बसून म्हणालात, ज्या कणसामुळे मला आनंद होईल ते ठेवा. तर?"

"तर काय? चांगलं कणीसच येईल."

"किंवा असं कणीस येईल, ज्याच्या नुसत्या वासानं तुम्हाला वाटेल ते कणीस चांगलं आहे." त्या थांबल्या. "आम्ही यीस्टकडे एकच मागितलं होतं, पट्टी उजळली पाहिजे. ती कशी उजळायची ते सांगितलं नव्हतं. बिअर जिभेला आवडेल अशी करायची हा एक रस्ता. जीभच बदलायची हा दुसरा. दुसरा जवळचा निघाला. तुम्ही बिअर न गाळता पिता, यीस्ट जिवंत असतं. ते तुमच्या जिभेवर वस्तीला राहिलंय आणि कडू ओळखणाऱ्या पेशींना झोपवून ठेवतंय."

"आणि बिअर?"

"ती आम्ही गाळून इथल्या संशोधक मुलांना दिली. पाणचट आहे म्हणाली. चव बनवण्याचे कष्ट यीस्टनं केव्हाच सोडून दिलेत."

ऋचानं कप बाजूला सरकवला. तन्मय इतक्या प्रेमानं ग्लास भरायचा, ती इतक्या चवीनं प्यायची, ते पाणी होतं.

"जीभ परत येईल?"

"येईल. जिभेच्या पेशी सतत नव्या होत असतात. एक औषध देते, त्याच्या गुळण्या करा आणि पोटातही घ्या. महिनाभरात जीभ पूर्वीसारखी."

"पोटात कशाला?"

नाझनीनबाईंनी चष्मा काढून पुसला. "कारण ते पोटातही आहे. पोट आणि मेंदू यांचं बोलणं अखंड चालू असतं. भूक लागली की आपण चिडतो, ते त्यातलंच. यीस्ट त्या बोलण्यातही शब्द टाकायला शिकलंय. समोर जे असेल ते गोड वाटावं असे शब्द. पट्टीला काय, आनंद कशाचाही चालतो."

"समोर जे असेल ते," ऋचा हळूच म्हणाली. "समोर तन्मय असायचा."

"हो."

"मग हे जे वर्षभर झालं आमचं, ते यीस्टचं होतं की आमचं?"

"ताई, मला ते वेगळं काढता येत नाही. तुम्हालाही येणार नाही. आनंदावर तो कुठून आला याची खूण नसते." त्यांनी बाटली पुढे सरकवली. "ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त लोकांनी औषध घेतलं नाही. म्हणाले, आम्ही सुखात आहोत, बिघडलं काय?"

ऋचानं औषध घेतलं. तिला घ्यावंच लागलं. तिच्या जिभेवर लोक भरवसा ठेवून जेवत होते. तन्मयनं मात्र बाटली हातात धरून ठेवली.

"मला भीती वाटते, ऋचा. आधीचा मी आठवतो मला. गॅलरीत एकटा बसणारा. परत तसाच झालो तर?"

"झालास तर मी उठवून आणीन."

"तुलाच यावंसं वाटलं नाही तर?"

त्यानं डोळे मिटून बाटली तोंडाला लावली, एवढंच तिनं पाहिलं.

महिन्यानं ऋचानं एक पोतं उघडलं, दाणा चावला आणि थू करून टाकला. कडू! आनंदानं तिला रडू आलं. त्या संध्याकाळी ती गॅलरीत जाऊन बसली. तन्मय मागावर धावणाऱ्या धोट्याची गोष्ट सांगत होता आणि गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा ऋचाच्या लक्षात आलं की आपल्याला कंटाळा येतोय. तिनं तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. थोड्या वेळानं तोच थांबला. "तुला कंटाळा आला," तो म्हणाला. "मलाही आला सांगताना." दोघंही हसली, पण ते हसणं लवकर संपलं. तरी ती रोज जाऊन बसत राहिली. तोही तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवत राहिला. कधी चांगलं वाटे, कधी नुसतं बसणं होई. बरणी त्यांनी फेकली नाही. यीस्ट फ्रिजच्या तळाशी थंडीत झोपून होतं.

हिवाळ्यात इरा नवऱ्याला न घेता एकटीच आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जेवण झाल्यावर तिनं आईला गाठलं.

"आई, तुमच्या बरणीतलं थोडं दे मला. विरजणासारखं."

"तुला मी सगळं सांगितलंय, इरा. जिभेचं, पोटाचं."

"मी कुठं चटणी विकते? आई, कैवल्य आणि मी एका घरात राहतो आणि एकमेकांना मेसेज करतो. कुणी वाईट नाही. काही झालेलंच नाही, मग मिटवायचं तरी काय? गेल्या वर्षी दिवाळीला तुम्हाला बघितलं आणि परत जाताना गाडीत मी रडले. मला तसं व्हायचंय."

"ते खरं नव्हतं."

"खरं नव्हतं? तू शपथेवर सांग."

ऋचाला शपथ घेता येईना. ते वर्ष तिच्या आयुष्यातून कुणी काढून घ्यायला आलं असतं तर तिनं दिलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं तन्मयकडे पाहिलं. उठून त्यानं फ्रिज उघडला आणि एक छोटी बाटली भरून टॉवेलात गुंडाळली.

फाटकापाशी रिक्षा उभी राहिली तेव्हा इरा आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "कैवल्यला यातलं काही बोलू नकोस हं. त्याला वाटू दे, बिअर आहे."

ऋचानं तिच्या खांद्यावरची पिशवी धरली.

"त्याला ठाऊक नाही?"

"तुला तरी कुठं ठाऊक होतं?"

"बाबांनाही नव्हतं, इरा. तुला आहे." तिनं पिशवी काढून स्वतःकडे घेतली आणि फोन लावला. इरा "आई, नको," म्हणत राहिली, मग पाठ फिरवून फाटकाला टेकली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

"बोला आई," कैवल्यचा आवाज आला. "इरा निघाली का?"

ऋचानं त्याला सगळं सांगितलं. न सजवता, न घाबरवता, नाझनीनबाईंनी सांगितलं होतं तसंच.

"इरानं मागितलं हे?" त्यानं विचारलं. "आमच्यासाठी?"

"हो."

"ते घेतल्यावर ती मला आवडायला लागली, तर ते माझं आवडणं आहे की नाही, हे मला कळेल?"

"नाही कळणार."

"आणि तिला?"

"तिलाही नाही."

फाटकाशी टेकलेली इरा वळून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"आई," कैवल्य म्हणाला, "बाटली पाठवा."