डावा कान

वरच्या पट्टीतले आवाज मला ऐकू येत नाहीत, हे आमच्या हिनेच शोधून काढलं. ती दवाखान्यात कान तपासायची. मी बंद खोलीत, कानांवर हेडफोन, हातात बटण. ती काचेपलीकडे. बारीक आवाज सोडायची, तो आला की मी बटण दाबायचं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "वयाने आधी बारीक आवाज जातात. पाखरं, शिट्ट्या... आणि बायको."

"म्हणजे आता घरात शांतता?"

"बघा हं, आठवण काढाल!"

आमची पहिली भेट त्याच काचेची. मी पत्रा कापायच्या कारखान्यात होतो. आम्हा कामगारांना तपासायला पाठवलं होतं. थोड्या वेळाने तिने दार उघडलं.

"अहो, मी आवाज सोडलेलाच नाही. बटण कशाला दाबताय?"

"दाबलं की तिकडे दिवा लागतो. दिवा लागला की तुम्ही वर बघता—"

"अशाने तपासणी पुन्हा घ्यावी लागेल."

"घ्या की. उद्या येऊ?"

दार लावताना ती हसली. वर्षाच्या आत लग्न झालं.

तिचा आवाज मुळात बारीक, पोरीसारखा. माझे कान गेले तशी ती माझ्याशी जाड आवाज काढून बोलायला लागली. शेजारीण विचारायची, "वहिनी, भांडलात का?"

मी म्हणायचो, "मला यंत्र बसव गं. तुझा खरा आवाज ऐकायचाय."

"मागवलंय. आल्यावर इतकी बडबडेन, की काढून ठेवाल."

यंत्र यायच्या आधी ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता.

आता यंत्र आलंय. नळाचं ठिबकणं ऐकू येतं. चपलांची करकर ऐकू येते. शेजारीण जिन्यात हळूच म्हणते, "बिचारे", तेही येतं.

यंत्र माझ्या कानांना जुळवायचं तर तपासणी पुन्हा हवी. परवा गेलो. तीच खोली, काचेपलीकडे नवी मुलगी. उजवा कान झाला. मग ती मान खाली घालून काहीतरी लावत बसली. सगळं शांत. माझा अंगठा आपोआप बटणावर गेला.

दिवा लागला. मुलीने वर पाहिलं.

तिचा काय दोष... वर पाहणारी दुसरीच होती, एवढंच.

ती हेडफोनमधून म्हणाली, "आजोबा, मी अजून आवाज सोडला नाहीये."

"माहीत आहे," म्हणालो. हेडफोन काढून ठेवला आणि घरी आलो.

डाव्या कानाची तपासणी राहिली आहे.