पाचशे चार किलोमीटर

खाली 'फेकू नका' अशी कमेंट टाकणार असाल तर आत्ताच टाकून मोकळे व्हा. मीही तुमच्यातलाच होतो. अशा गोष्टी वाचून हसायचो.

यातली माणसं माझ्या घरची आहेत. गाव चांदूर बाजार. तारीख ८ मे २०१६, रविवार. आणि रात्र वगैरे काही नव्हती. दुपारचे दोन वाजले होते, ऊन पंचेचाळीसवर गेलं होतं.

मी मनोज. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलाजवळ माझं गॅरेज आहे. पाने-हातोडीचं काम मी करत नाही. माझं काम लॅपटॉपचं. गाडीला केबल जोडायची, मीटरवर पेटलेला लाल-पिवळा दिवा कशामुळे पेटला ते सॉफ्टवेअरमध्ये बघायचं आणि बटण दाबून तो विझवायचा.

खरं सांगायचं तर बघायचं कमी, विझवायचं जास्त.

दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. शेतीवाले, जिनिंगवाले, सगळेच गाड्या विकायला काढत होते. डीलरांना दिवे विझलेल्या गाड्या हव्या असायच्या. मला जेवायलाही उसंत नव्हती.

हे काम मला नासिरभाईंनी शिकवलं. ते एकच गोष्ट बजावायचे.

"मन्या, पहले वाच, मंग मिटव. मिटवल्यावर कोनाले इचारशीन?"

मी हो म्हणायचो आणि बटण दाबायचो.

मार्चमध्ये मी माझ्या मोठ्या बहिणीसाठी एक जुनी गाडी पाहिली. शकुनताई चांदूर बाजारला असते. किसनराव भाऊजींचा झेंडूचा आणि वांग्यांचा मळा आहे. ताईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी अमरावतीला न्यावं लागतं. जाताना ती कशीबशी बसते. येताना आडवंच व्हावं लागतं. एस.टी.त ते कसं जमणार? म्हणून लांब मागच्या सीटची गाडी शोधली. २००८ ची, दोन एअरबॅगवाली.

तिचा एअरबॅगचा दिवा पेटलेला होता.

मी केबल जोडली. स्क्रीनवर आलं... धडकेची नोंद.

गाडीत बिघाड झाला की त्या क्षणी काय चाललं होतं ते गाडी लिहून ठेवते. इथं लिहिलं होतं, वेग ६४. चालकाचा पट्टा लावलेला. पुढची बाजूची सीट भरलेली. तिचा पट्टा लावलेला नाही. किलोमीटर ९३,४१८.

आणि गाडीच्या मीटरवर होते ९१,२०६.

मी हसलो. कुणीतरी मीटर मागे फिरवलंय, दुसरं काय? आमच्या धंद्यात हे रोजचंच. सवयीनं नोंदीचा एक फोटो काढला आणि बटण दाबलं.

दिवा विझला. गाडी मी स्वतः चांदूरला नेऊन दिली. ताईनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली.

दीड महिन्यानं भाऊजींचा फोन आला.

"मनोज, गाडी सारकी वाजून राहिली गा. टिंग टिंग."

"पट्टा लावला का तुमी?"

"माहा लावलाच हाये. बाजूच्या सीटचा दिवा दाखवते. तिथं तं कोनीच नसते, तुही बहीन मागं निजून असते."

मी म्हटलं, सेन्सर गेला असेल. रिकाम्या सीटचा पट्टा अडकवून ठेवा. सगळे तेच करतात.

भाऊजींनी पट्टा अडकवला. आवाज बंद झाला.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आता त्यांचा आवाज उतरलेला होता.

"पट्टा आपोआप सुटते, मनोज. अमरावतीहून येतानी वलगावच्या पुढं आलो का... खट्. अन् मंग टिंग टिंग."

रविवारी मी लॅपटॉप घेऊन चांदूरला गेलो.

गाडी अंगणात उन्हात उभी होती. काचा बंद. दार उघडताच भट्टीसारखी झळ आली. ड्रायव्हरच्या सीटला हात लावला, चटका बसला. मागच्या सीटलाही चटका.

पुढच्या डाव्या सीटवर हात ठेवला...

गार.

माठाच्या पोटाला हात लावावा तशी गार.

मी हात झटकन मागे घेतला. केबल जोडली. पुढच्या सीटसमोर स्क्रीनवर 'भरलेली' असं येत होतं. सीटवर काहीच नव्हतं, साधा रुमालही नाही.

आणि तो एअरबॅगचा दिवा पुन्हा पेटला होता. नोंद तीच. वेग ६४. किलोमीटर ९३,४१८.

मीटरवर होते ९२,९१४.

या वेळी मात्र मी वाचलं. गाडीत आणखी दोन-तीन ठिकाणी किलोमीटर साठवलेले असतात, ते एकेक करून उघडले. सगळीकडे ९२,९१४. मीटर कुणीच फिरवलेलं नव्हतं. एअरबॅगचं कव्हर उघडलं. आत कंपनीचं सील जसंच्या तसं.

फोटो नासिरभाईंना पाठवले. मग त्यांनी फोनच केला.

"मन्या... ये गाडी ठोकलीच नाही."

"मंग नोंद कशाची हाये, नासिरभाई?"

त्यांनी नोंदीतले किलोमीटर मोठ्यानं वाचले, मग मीटरवरचे.

"अभी तक ठोकली नाही, असं म्हन."

पाचशे चार किलोमीटर बाकी होते.

ताई दारात येऊन बसली होती. पाय सुजलेले, तोंडावर मात्र हसू.

"काहून रे असा पांढरा पडला? गाडी मेली का?"

"ताई, तुले मागं निजल्यावर काई दिसते का गाडीत?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"समोर कोनीतरी बसेल दिसते. पाठमोरं. मले वाटे थकव्यानं दिसत असन. मान अशी एका बाजूले कलती ठेवते... तू लॅपटॉपात पाहतो ना, तशी." आणि ती हसली. "तुहीच आठवन येत असन मले."

मला हसता आलं नाही.

भाऊजींना मी सगळं सांगितलं. गाडी उभी करा म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मंगळवारी हिले कशानं नेऊ ते सांग. एक फेरी चुकली तं हिले दम लागते, दोन चुकल्या तं..."

मग मी आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल असं एक शहाणपण केलं.

मीटर मागे फिरवलं.

९२,९१४ चे ६२,९१४ केले. पूर्ण तीस हजार मागे. म्हटलं, ये आता तीस हजार किलोमीटर चालत! आयुष्यात पहिल्यांदा हे काम कुणाला फसवायला नाही, तर कुणाला तरी वाचवायला करत होतो. बरं वाटत होतं.

मग पुन्हा नोंद उघडली...

किलोमीटर ६३,४१८.

माझ्या मागोमाग तीही तीस हजार मागे आली होती. बाकी तेवढेच. पाचशे चार.

तेव्हा मला रडू आलं. मोठ्या बहिणीच्या अंगणात, भर दुपारी, पस्तिशीचा माणूस मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

त्याच संध्याकाळी गाडी टो करून अकोल्याला आणली. बॅटरी काढून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी केली. ताईसाठी गावातल्या धर्मपालची जीप ठरवली. तीस वर्षांची जीप. मुद्दामच तशी निवडली. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, एअरबॅग नाही. मीटरचा काटा कित्येक वर्षं शून्यावर मेलेला. पेटायला दिवाच नाही. मागची सीट लांब, भाऊजी ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसणार. ताईच्या दारापासून दवाखान्यापर्यंत चव्वेचाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन अठ्ठ्याऐंशी.

दहा तारखेची पहिली फेरी नीट झाली. दुसरी झाली. तिसरीही झाली. मी पोटभर जेवू लागलो.

परवा पाचवी फेरी झाल्यावर धर्मपालला सहज फोन केला. जीप कशी चालते, एवढंच विचारायला.

"जीप मस्त हाये, मनोजभाऊ. पन एक गोष्ट समजून नाई राहिली..."

"काय?"

"समोरची रिकामी सीट गार लागते. एवढ्या उन्हात. मी त्यावर पान्याची बाटली ठेवतो, बाप्पा, फ्रिजसारकी होते."

मी फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या गाडीकडे पाहिलं.

म्हणजे ते गाडीत नव्हतंच, ताईच्या फेऱ्यांबरोबर चालत होतं. गाडी फक्त सांगत होती. सांगणारा एकच दिवा होता, तो मी आधी विझवला, मग बॅटरी काढून कोपऱ्यात उभा केला. मेलेल्या मीटरच्या जीपमध्ये ताईला मीच बसवलं.

पाच फेऱ्यांचे चारशे चाळीस झाले. चौसष्ट उरले. सहाव्या फेरीत जातानाचे चव्वेचाळीस, आणि येताना वीस. वलगावच्या पुढं.

सहावी फेरी उद्या आहे. शुक्रवार.

भाऊजींना म्हटलं, उद्या नको. ते म्हणाले, मशीनचा नंबर लागलेला असतो, कालपासून तिच्या तोंडावर सूज आहे. आणि उद्याची टळली तरी मंगळवारी चौसष्ट तसेच उरलेले. दुसरी गाडी केली तरी तेच. मी खूप विचार केला. दिवसभर दुसरं काही केलंच नाही.

मघाशी ताईचा फोन आला होता.

"मन्या, तो धर्मपाल म्हने समोरची सीट गार हाये. मले मागं लय उकडते रे. उद्या येतानी मी समोरच बसतो."

"नाई!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकली.

"काहून रे?"

"समोर मी बसतो उद्या. मी येतो सकाळीच. तू मागं निजजो."

"येशीन?" तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "ये बाप्पा. तू असला का मले धीर वाटते."

फोन ठेवला आणि मार्चमधला तो फोटो पुन्हा उघडला.

वेग ६४. चालकाचा पट्टा लावलेला, असं तिथं लिहिलंय. धर्मपालनं पोलिसांच्या भीतीनं स्वतःच्या बाजूला एक पट्टा बसवून घेतलाय. दुसऱ्या बाजूला नाही.

पुढची सीट भरलेली. तिचा पट्टा लावलेला नाही.

मागच्या सीटबद्दल नोंदीत काहीच लिहिलेलं नाही. मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचतोय.

सहा वाजता निघायचं आहे.